एक धनराज उंच

पवन घुग्घुसच्या रेल्वेच्या एका कोळसा साइडिंगवर वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसायचा. गाडी काट्यावर चढली की आकडा स्थिर होऊ द्यायचा, खिडकीतून ड्रायव्हरकडे एकदा बघायचं आणि स्लिप काढायची. स्लिपवर एक रकाना असतो : ‘ड्रायव्हर गाडीत – होय / नाही’. बाकीचे ऑपरेटर तो डोळे मिटून भरत. पवनने सहा वर्षांत तो कधी चुकवला नव्हता. माणसाचं वजन कोळशात धरलं जाऊ नये, एवढीच साधी गोष्ट. पण पवनला त्यात काहीतरी थोर वाटायचं.

रविवारी मात्र तो फोटोग्राफर असायचा. त्याने सेकंडहँड कॅमेरा घेतला होता आणि जानेवारीपासून आसपासच्या दोन जिल्ह्यांतले किल्ले, देवळं, पडक्या विहिरी टिपायचा सपाटा लावला होता. अडचण एकच होती. फोटोत दरवाजा किती उंच आहे ते कळत नाही. शेजारी काहीतरी माप ठेवावं लागतं. कुणी पट्टी ठेवतं, कुणी पेन. पवन धनराजला ठेवायचा.

धनराज त्याच साइडिंगवर टिपर चालवायचा. उंची पाच फूट चार इंच, वजन बासष्ट किलो, शर्ट लाल. येत्या अक्षय तृतीयेला त्याचं पवनच्या बहिणीशी, स्वातीशी, लग्न ठरलं होतं. होणाऱ्या जावयाला दर रविवारी भिंतीला टेकवून उभं करणं काही बरं दिसत नाही, पण धनराजची हरकत नव्हती. ‘‘साळेबुवा, तुमच्या बहिणीनं तं मले अजून एवढं निरखून नाई पाह्यलं,’’ असं म्हणत तो हात खाली सोडून, मान ताठ करून उभा राहायचा. पवनच्या वहीत मग नोंद व्हायची : बल्लारपूरचा किल्ला, दरवाजा, साडेचार धनराज. जिवतीजवळचा माणिकगड, बुरूज, सहा धनराज. मार्कंड्याच्या देवळाचा खांब, दीड धनराज. फेब्रुवारी संपेपर्यंत दोन जिल्ह्यांच्या वारशाची एकूण उंची एकशे बारा धनराज भरली होती.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एटापल्लीच्या पुढे गेले. गावाचं नाव पवनने नंतर कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथेही नाही. डांबर संपलं, मग गिट्टी संपली. पळस असा फुलला होता की जंगलाला ताप भरलाय असं वाटावं. मोहाखालचा पालापाचोळा लोकांनी जाळून ठेवला होता आणि त्या काळ्या जमिनीवर मोहफुलं टपटप पडत होती. गावाच्या तोंडाशी सहा कुत्री बसलेली होती. अनोळखी गाडीवर न भुंकणारं कुत्रं पवनने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ह्या सहांनी दोघांकडे नीट पाहिलं, उठली, आणि पाठ करून बसली.

‘‘आपला अपमान झाला का बे?’’ धनराजने विचारलं.

गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली उभे दगड होते. तीसेक असतील. न घडवलेले, उभट, कुणी चार फुटी, कुणी साडेपाच. शाळेच्या वर्गफोटोसारखे दाटीवाटीने. ऊन चढलं होतं, पण दगडांमध्ये शिरल्यावर उन्हाची नुसती धार लागत होती, ऊब नव्हती. पवनने धनराजला पहिल्या दगडाशी उभं केलं.

‘‘त्यायच्याजोळ उभा नको राहू, बापू.’’

टोपलीत मोह वेचणारी एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी होती. नाव नीलाबाई, हे नंतर कळलं.

‘‘काऊन बाई? देव हायेत का?’’ धनराजने विचारलं.

‘‘देव राह्यते तं बरं होतं. माणसं हायेत.’’

तिने सांगितलं ते असं : इथे कुणी मेलं की दोरीने त्याचं माप घेतात. त्या मापाचा दगड शोधून आणतात आणि उभा करतात. मग त्याच्या नावाने सगळे जेवतात. जेवण झालं की दगड पक्का होतो आणि माणूस तिथे राहायला जातो.

‘‘जित्याचं माप घेत नसतात इथी,’’ ती म्हणाली.

‘‘माप कोण घेऊन राह्यलं?’’ धनराज म्हणाला. ‘‘मीच माप आहो.’’

पवन हसला. नीलाबाई हसली नाही. पवनचं लक्ष गवताकडे गेलं. तिथे एक दगड आडवा पडला होता, अर्धा शेवाळलेला.

‘‘अन् हा कोणाचा?’’

‘‘कोणाचाच नाई. माह्या लग्नाच्या आधीपासून पडून हाये. कोणी आणला, माहीत नाई. लय माणसं मेले, पण त्याच्या मापाचं कोणी निघालं नाई.’’

आडव्या दगडाचं माप उभं राहून कसं घेणार? धनराजने क्षणभर विचार केला आणि तो दगडाशेजारी आडवा झाला. हात अंगाला चिकटवले, डोळे मिटले, वर जीभ बाहेर काढली. पवनने तीन फोटो घेतले. डोकं दगडाच्या डोक्याशी, टाचा दगडाच्या टोकाशी. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. त्याने वहीत लिहिलं : आडवा दगड, बरोबर एक धनराज. ‘बरोबर’ हा शब्द त्या वहीत पहिल्यांदाच आला.

वर पाहिलं तर नीलाबाईने सकाळपासून वेचलेला सगळा मोह तिथेच जमिनीवर ओतून टाकला होता. रिकामी टोपली काखेला मारून ती निघाली होती.

‘‘आता त्याले इथीच ठेवून जा,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘माप झालं ना त्याचं. मंग कायले नेता?’’

बसमध्ये कुणी छत्री विसरलं की हाक मारतात ना, तशा आवाजात.

सोमवारी धनराजचा टिपर काट्यावर आला. टाकी फुल, मागचा डाला रिकामा, धनराज केबिनमध्ये. हे वजन पवनला पाठ होतं : अकरा हजार चारशे ऐंशी. धनराज उतरला की चारशे वीस. काटा वीस-वीस किलोंच्या पायरीने चालतो, म्हणजे धनराज तीन पायऱ्यांचा माणूस होता.

आकडा आला अकरा हजार चारशे साठ.

पवनने काट्याखालची धूळ काढायला लावली. दुसऱ्या गाड्या तपासल्या, सगळ्या बरोबर. मग धनराजला खाली उतरवलं. चारशे वीस. वर चढवलं. चारशे साठ.

‘‘धन्या, तू चाळीस किलोचा झाला बे.’’

‘‘तुमच्या बहिणीचा डायट प्लॅन,’’ धनराज म्हणाला.

दोघे मेडिकल दुकानातल्या काट्यावर गेले. तिथे बासष्ट. पवनला हायसं वाटायला हवं होतं. पण तो मेडिकलचा काटा, त्यावर लोक चपला घालून उभे राहतात. साइडिंगचा काटा दर वर्षी तपासून सीलबंद होतो. कुणावर विश्वास ठेवायचा ते पवनला ठाऊक होतं, आणि त्याचंच त्याला भय वाटलं.

घरी येऊन त्याने जुने फोटो उघडले. बल्लारपूरच्या दरवाज्याला पट्टी लावली. वहीत साडेचार धनराज होते. स्क्रीनवर सहा भरले. माणिकगडचा बुरूज आठ. दरवाजा तोच, बुरूज तोच, फोटोच्या कडा त्याच. फक्त लाल शर्ट लहान झाला होता, जणू धनराज प्रत्येक फोटोत भिंतीपासून न हलता लांब चालला होता. आडव्या दगडाच्या फोटोत तेवढा तो पूर्ण होता. बरोबर एक.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काट्याने चारशे चाळीस दाखवलं.

पवन त्या रविवारी एकटा गेला. कॅमेरा घेतला नाही. पळसाची फुलं गळून रस्त्यावर काळी पडली होती. कुत्री आधीपासूनच पाठ करून बसली होती.

दगड आडवा नव्हता. तो तिरपा उभा होता. खाली खड्डा नाही, मागे टेकू नाही, दोर नाही. उठता उठता कुणीतरी थांबावं तसा.

‘‘कोणी उचलला हा?’’

नीलाबाई लांबूनच बोलली. ‘‘आम्ही नाई. आम्ही उचलतो तवा जेवण राह्यते. कोणी जेवलं का? नाई जेवलं. त्याचा तोच उठून राह्यला.’’

पवनने खांदा लावून दगड खाली ढकलायचा प्रयत्न केला. सगळा जोर लावला. दगड हलला नाही, पण आतून काहीतरी उलट रेटतंय, ते कळलं. आणि ते रेटणं ओळखीचं होतं. धक्का मारून गाडी चालू करताना धनराज शेजारून असंच रेटायचा. पवनने हात काढून घेतले. फोन वाजला. स्वाती होती.

‘‘दादा, कुठी आहेस? हे आत्ता आपल्या घरी बसल्या बसल्या खुर्चीवरून पडले. म्हणते कोणीतरी खांद्यानं ढकललं.’’

‘‘लागलं का?’’

‘‘नाई. पण दादा, पडले तवा आवाजच नाई आला.’’

नीलाबाईने फोन संपेपर्यंत वाट पाहिली.

‘‘ढकलू नको,’’ ती म्हणाली. ‘‘त्याले लागते. आता एकच कर. त्याच्या नावानं कोणाले जेऊ नको देऊ. जेवण झालं का दगड पक्का.’’

लग्नाला सतरा दिवस उरले होते.

लग्नात जेवण ठेवू नका, हे पवनने आईला तीन प्रकारे सांगून पाहिलं. उन्हाळा आहे, लोकांना बाधेल. कोर्टात लग्न करू, चहा देऊ. शेवटी नुसतंच, ‘‘आई, नको ना.’’

आईचं नाव रंभा. तिने कणीक मळायची थांबवली. ‘‘सहाशे लोकायले बोलावून उपाशी धाडू? मेलेल्याच्या घरीबी लोक जेवून जाते रे.’’

धनराजला त्याने सगळं खरं सांगितलं. फोटो दाखवले. धनराजने ते बराच वेळ पाहिले.

‘‘मले काईच होऊन नाई राह्यलं, पवन,’’ तो म्हणाला. पहिल्यांदाच साळेबुवा म्हणाला नाही. ‘‘भूक लागते, झोप लागते. पण रेतीवर चाललो का मागं पाय उमटत नाई. तू कोणाले सांगू नको. लग्न होऊन जाऊ दे.’’

मग पवनने जे हातात होतं ते केलं. मंडपाचा बॅनर त्याने स्वतः छापून आणला. त्यावर स्वातीचं नाव होतं, फोटो होता. नवऱ्याचं नाव नव्हतं. पंगतीच्या प्रत्येक रांगेत जाऊन तो सांगत होता, ‘‘स्वातीच्या नावानं जेवा हं. स्वातीच्या नावानं.’’ लोकांना वाटलं, बहिणीवर जीव आहे पोराचा. दोघा-तिघांनी डोळे पुसले. वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा; तीन पंगती नीट उठल्या. चौथी बसली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पवनला वाटू लागलं होतं की जमलं.

तेवढ्यात धनराजच्या मामाने, मुखरूने, माइक हातात घेतला.

‘‘बॅनरवर आमच्या पोराचं नाव राह्यलं, हरकत नाई,’’ तो म्हणाला. ‘‘पण सगळ्यायनं आमच्या धनराजच्या नावानं एक एक पुरी जास्त घ्यायची! बोला, धनराजच्या नावानं!’’

‘‘धनराजच्या नावानं!’’ मंडप ओरडला.

पवन माइककडे धावला. वाटेत एका मावशीने त्याला थांबवलं आणि हसत हसत त्याच्या तोंडात पुरी कोंबली.

स्टेजवर धनराज उभा होता. हात खाली, मान ताठ.

लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी टिपर काट्यावर चढला. टाकी फुल, डाला रिकामा. पेढे वाटायला स्वाती सोबत आली होती. ती शेजारच्या सीटवर बसून हात हलवत होती. स्वातीचं वजन पंचेचाळीस किलो. ते पवनला लहानपणापासून भांडून भांडून पाठ होतं.

स्टिअरिंगमागे लाल शर्ट होता.

आकडा थरथरला आणि स्थिर झाला. अकरा हजार चारशे साठ.

पवनने वजाबाकी केली. रिकामी गाडी आणि स्वाती.

‘‘काऊन साळेबुवा,’’ वरून धनराजने हाक मारली, ‘‘किती भरलं?’’

मागे गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी हॉर्न दिला. पवनने स्लिप ओढून घेतली, आणि ‘ड्रायव्हर गाडीत’ या रकान्यासमोर, सहा वर्षांच्या सवयीने, जे खरं होतं ते लिहिलं : नाही.