छप्पन्नाव्या दिवसाचा नमुना

साफ्रिल पहिल्यांदा आला तो घरमालकिणीचा गुलाबी थर्मास घेऊन. बांडुंगच्या आमच्या प्रयोगशाळेत लोक नमुने नीट बर्फाच्या पेटीतून आणतात. याने झाकण उघडलं, तर आत नारळाच्या सरबताचा वास, आणि बर्फात रोवलेल्या सहा इवल्याशा नळ्या.

"यातलं मोजायचं काय... औषध की सरबत?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "औषध. धुतला होता हो मी... दोनदा."

तिथेच मी कामातून गेले.

जखमेचे विरघळणारे टाके असतात ना, तसल्याच प्लॅस्टिकचे पिठासारखे बारीक कण तो बनवायचा आणि त्यांत प्रथिनाचं औषध कोंडायचा. वाढ खुंटलेल्या मुलांना रोज संध्याकाळी सुई टोचून घ्यावी लागते. हे कण एकदा टोचले की त्यांनी महिनाभर थोडं थोडं औषध सोडत राहावं, एवढंच त्याला हवं होतं. तो कण कोमट पाण्यात ठेवायचा, ठरल्या दिवशी वरचं पाणी काढून आणायचा, आणि त्यात किती औषध उतरलंय ते मी यंत्रावर मोजायची. पहिला दिवस, तिसरा, सातवा... असं अठ्ठाविसाव्यापर्यंत.

पहिल्याच दिवशी अर्धं औषध बाहेर पडलं होतं.

"फार उतावळं आहे तुझं औषध—" मी जीभ चावली. "तुमचं."

"तुझंच राहू दे," तो म्हणाला. "आणि मी तसा नाही हां, विविन. मला वाट बघता येते."

अठ्ठाविसाव्या दिवशी औषध संपलं. आता हा कशाला येतोय, म्हणून मी दोन दिवस धड जेवले नाही. पस्तिसाव्या दिवशी बघते तर थर्मास घेऊन दारात उभा.

"आता काय उरलंय त्यात?"

"खात्री केलेली बरी..."

बेचाळीस, एकोणपन्नास... मी शून्य मोजायची, वहीत शून्य लिहायची, मग आम्ही फाटकाबाहेर बातागोर, म्हणजे माशाचे तळलेले वडे, खायला जायचो. दाण्याची चटणी त्याच्या हनुवटीला लागायची. मी सांगायची नाही, नुसती बघत बसायची. वेड्यासारखं प्रेम होतं माझं त्याच्यावर. पण आमच्यात मुलाकडचे लग्नाचं विचारायला येतात, तेव्हा मी आपली गप्प.

"तुझ्या घरचे कधी आमच्या पारियामानला येतील?" त्याने एकदा विचारलं. पारियामान म्हणजे त्याचं गाव, पलीकडच्या बेटावरचं.

"कशाला? समुद्र बघायला?" मी चिडवलं. तो हसला, पण पुढचा घास त्याने बराच वेळ हातातच धरला.

छप्पन्नाव्या दिवशी त्याने नळ्या माझ्यासमोर ठेवल्या आणि खुर्ची ओढली नाही.

"मामाचा फोन होता. गावातल्या एका घरून माझ्यासाठी विचारायला आले होते. मामाने शब्द दिलाय."

"मुलीकडचे आले?"

"आमच्यात तेच येतात. मुलगा आपण होऊन मागायला गेला, तर त्याच्या आईला गावात मान वर करता येत नाही." तो टेबलाकडे बघत होता. "मी वाट बघत होतो, विविन. तुमच्याकडून कोणीतरी येईल म्हणून... नाहीतर रिकामं पाणी कोण मोजायला आणतं?"

"आणि मी तुझ्या घरच्यांची बघत होते."

त्याने मान वर केली. इतका वेळ कोणी कोणाकडे बघितलं नसेल.

"नाही सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"आता मामाचा शब्द मोडेल..." त्याचे डोळे भरून आले, आणि तो गेला.

नळ्या मी मोजल्या. कामच होतं ते.

घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. दोन महिन्यांनी लग्नाची पत्रिका आली आणि नेमकी आबांच्या, माझ्या वडिलांच्या, हातात पडली. कोणाची म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सगळंच सांगून बसले. आई तोंडाला ओढणी लावून आत गेली. आबा पत्रिकेवरचा पत्ता बोट ठेवून वाचत राहिले.

"एवढंच होतं होय?" ते म्हणाले. "मला सांगायचंस ना, पोरी. मी गेलो असतो की विचारायला."