सावलीतली चौकी

उंच जागा सापडली की झालं काम, असं ज्याला वाटतं त्यानं स्वतः कधी अँटेना उभा केलेला नसतो, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. वस्तीतल्या लोकांनी पंधरवड्यात तिला निदान पाच डोंगरमाथे सुचवले होते, आणि ती प्रत्येकावर खरोखर चढून आली होती. पाठीला झोळीत आठ महिन्यांची लेक, कमरेला वॉकी-टॉकीचा सेट, खांद्यावर केबलचं वेटोळं. एका माथ्यावर बॅटरी चढवायला वाट नव्हती. दुसऱ्यावर दर वर्षी वीज पडायची. तिसरा देखणा होता, पण खालची तीन घरं त्याच्या पोटाखाली दडायची. शेवटी तिनं पाण्याच्या जुन्या टाकीची टेकडी धरली. टाकीला लागून पंपाची रिकामी खोली होती, दाराला कुलूप होतं, आणि छपराचा कठडा चार मीटरचा उभा दांडा पेलण्याइतका भक्कम होता.

काम सांगायला सोपं होतं. दरीत मोबाईल चालत नसे. अकरा घरांकडे हातातले सेट होते, पण मध्ये एखादा उंचवटा आला की त्यांच्या रबरी शेपटीएवढ्या अँटेनाची मजल संपायची. रिपीटर म्हणजे मधला माणूस. एकाचं ऐकायचं आणि त्याच क्षणी, जास्त जोरानं, सगळ्यांना सांगायचं.

अडचण होती ती बाराव्या सेटची. तो डोंगराच्या पलीकडे, तलावाच्या चौकीत असणार होता, आणि या खेपेची सहा आठवड्यांची पाळी तिच्या नवऱ्याची होती. पाण्याची पातळी मोजायची, दिवसातून दोनदा कळवायची, पाणी खुणेच्या वर चढलं तर खालच्या घरांना हलवायचं. आधीचा चौकीवाला पाय मोडून दोन दिवस पडून राहिला होता. हातात सेट होता. दोन दिवस तो बोलतच होता, ऐकायला कोणी नव्हतं. माणसं पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून तिनं नवऱ्याला स्वच्छ सांगून टाकलं होतं, की तुझा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला नाही तर तिसऱ्या दिवशी मी वर येईन आणि कान धरून तुला खाली आणीन. तो हसला होता. निघताना मात्र त्यानं लेकीला जरा जास्तच वेळ उचलून धरलं होतं.

कागदावर ती चौकी सावलीत होती. रेडिओची सावली उन्हाच्या सावलीसारखीच असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. टाकी आणि चौकी यांच्यामध्ये डोंगराची धार आडवी पसरलेली. धारेवरच रिपीटर बसवावा तर तिथला दगड जुन्या खाणीनं पोखरलेला, एक खुंटी धरत नव्हता. मग तिनं चौकीवर एकाच दिशेला बघणारा लांब अँटेना लावला आणि त्याचं तोंड टाकीकडे न करता तलावापलीकडच्या उघड्या कातळाकडे केलं. आवाज कातळावर आपटून वळला तर वळला. तिच्याबरोबर सामान वाहणारा वायरमन होता. गळा असा, की सगळे त्याला भोंगाच म्हणत. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, नवराबायकोनं भिंतीकडे तोंड करून बोलायचं, हे जमायला आम्हाला दहा वर्षं लागली. तुम्ही फार लवकर शिकलात."

तिच्या गणितानं शंभरातून दहा वेळा आवाज लागला असता. तिनं त्या दहांवर भिस्त ठेवली.

रिपीटर चालू करायच्या दिवशी तिनं शिस्तीप्रमाणे आधी डमी लोड जोडला. हे एक बुटकं, पात्यापात्यांचं नळकांडं. अँटेनाच्या जागी लावायचं. यंत्राची सगळी ताकद ते पोटात घेतं, तापतं, आणि हवेत जवळजवळ काहीच जाऊ देत नाही, बाहेरचं काही आतही येऊ देत नाही. जुळवाजुळव करताना त्याचा उपयोग. ती झाली की नळकांडं काढायचं आणि छपरावरून आलेली केबल तिथं आवळायची. केबलचं टोक ओल लागू नये म्हणून तिनं टेपनं गुंडाळून खिळ्याला टांगलं होतं. तेवढ्यात पायथ्यावरून भोंग्यानं हाक घातली, अर्थात सेटशिवायच. लेक दोन तास रडत होती, बाटलीला तोंड लावत नव्हती. तिचा कुडता तर दुधानं केव्हाच ओला झाला होता. तिनं स्विच दाबला, हिरवा दिवा लागलेला बघितला, कुलूप घातलं आणि उतार पळतच उतरली.

संध्याकाळी सहाला पहिली हजेरी. प्रत्येक घरानं आपला आकडा सांगून 'ऐकतोय' म्हणायचं, अशी पद्धत तिनं घालून दिली होती. एक ते अकरा सगळे आले. मग ती थांबली. ओट्यावर सेट, मांडीवर लेक, शेजारी हातातलं काम सोडून बसलेल्या सासूबाई.

"चौकी. ऐकतोय," नवरा म्हणाला.

इतकं स्पष्ट, की पाठोपाठ त्यानं खाली ठेवलेला कपही ऐकू आला. सासूबाईंनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, की पोरी, तुझ्या त्या दांड्यानं कमाल केली. लेकीनं सेटवर झडप घालून बटण दाबलं आणि "बा बा बा बा" अशी लांबलचक तक्रार नोंदवली. मग नवरा हळूच म्हणाला, "हो. ऐकलं."

दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की शेपूट नाही. रिपीटरवर बोलणारा थांबला की अर्धा सेकंद 'फस्स' असा आवाज उरतो, त्याला त्या धंद्यातले लोक शेपूट म्हणतात. इथं बोलणं संपलं की नुसती शांतता असायची, एकाच खोलीत दोन माणसं गप्प बसावीत तशी.

मग ती नकाशा करायला बसली. कुठं आवाज कमी, कुठं जास्त, याची खूणगाठ बांधल्याशिवाय कुठलंच काम तिला पुरं वाटत नसे. भोंग्याला तिनं वस्तीभर फिरवलं. तळघरात, लोखंडी दाराच्या गोदामात, बोगद्यात. शेवटी विहिरीतून तो म्हणाला, "वहिनी, आता तरी कमी येतंय म्हणा. पाणी गार आहे."

कमी येत नव्हतं. सगळीकडे सारखंच येत होतं. अँटेना कुठलाही घ्या, त्याला एक आंधळी बाजू असते. याला नव्हती. एखाद्या मुलानं वर्षभरात एकदाही हट्ट करू नये आणि आईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघावा, तसं तिला झालं.

रोजच्या हजेरीनंतर लेकीची पाळी ठरूनच गेली होती. ती बटण दाबायची, बा बा करायची, मध्येच लाळेचा फुगा फोडायची. नवरा थांबून थांबून उत्तरं द्यायचा. "असं?" "मग तू काय केलंस?" "नाही, रागावत नाही." आई आणि सासूबाई हसून बेजार व्हायच्या. सासूबाईंचं म्हणणं, की बाप व्हावं तर असं, पोरीच्या बाबाबाला सुद्धा तो माणसासारखी उत्तरं देतो. सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, की तिथं आणखी कोण आहे. ती म्हणाली, कोण असणार, आम्हीच तिघी. तो म्हणाला, बरं. त्या दिवशी त्यानं सेट लवकर ठेवला.

नवव्या दिवशी दुपारी, लेकीला सासूबाईंकडे ठेवून, ती टाकीच्या टेकडीवर गेली. ऊन स्वच्छ होतं, वारा पडलेला. तिनं कुलूप काढलं. हिरवा दिवा जळत होता.

केबल खिळ्यालाच टांगलेली होती. टोकाची टेप तिनं गुंडाळली होती तशीच, तिच्या अंगठ्याच्या ठशासकट. आणि अँटेनाच्या जागी ते बुटकं नळकांडं आवळलेलं.

तिनं दोनदा बघितलं. मग खाली जमिनीवर बसली.

नऊ दिवस रिपीटरला कान नव्हते आणि तोंडही नव्हतं. नळकांड्यातून काही झिरपलं असतं तरी ते पायथ्याच्या पहिल्या दोन घरांपर्यंत पोचलं असतं. विहिरीत नाही. डोंगरापलीकडे तर नाहीच. तिनं गणित तोंडातल्या तोंडात तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

तेवढ्यात रिपीटर बोलतोय हे सांगणारा लाल दिवा लागला. चार नंबरचं घर सात नंबरकडे हातोडी मागत होतं. कमरेच्या सेटमधून शब्द न् शब्द आला. तिनं हात पुढं करून नळकांड्यावर तळवा ठेवला. इतक्या वापरानं ते चटका देण्याइतकं तापायला हवं होतं. ते कोमट होतं. निजलेल्या लेकराच्या पाठीएवढं. आणि बोलणं चालू असताना ते तळव्याखाली अगदी हलकेच भरत होतं, ओसरत होतं.

तिला भीती वाटली नाही, याचंच तिला पुढं नवल वाटत राहिलं. मोठ्या, जुन्या, शांत अशा कशाच्या तरी दारात आपण पायताण न काढता आलो आहोत, असं काहीसं वाटलं. तिनं खरंच आवाज न करता पाय जवळ घेतले.

पण काम तर करायलाच हवं होतं. जे मोजता येत नाही त्याच्या भरवशावर अकरा घरं ठेवायची कशी? आणि केबल जोडली की चौकी कागदाप्रमाणे सावलीत जाणार. शंभरातून दहा. नव्वद वेळा तो बोलेल आणि ऐकायला कोणी नसेल. तिनं पाना घेतला, नळकांड्याला लावला, आणि हात तसाच ठेवून बसून राहिली.

लाल दिवा लागला.

"बा," लेक म्हणाली. मग बराच वेळ नुसता श्वास. "बा. बा. ये. ये ये."

"आत्ता?" नवऱ्याचा आवाज आला. "पातळी लिहून झाली की येतो ना."

"ये ये ये ये," लेक म्हणाली. तिचा तो नेहमीचा लाडिक सूर नव्हता. ती कळवळून रडायला लागली होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज. दार. त्याची पावलं खडीवर वाजली, आधी चालत, मग पळत.

मग धारेपलीकडून आवाज आला. सेटमधून नाही, हवेतून. जमिनीतून. पंपाच्या खोलीच्या खिडकीची काच बराच वेळ थरथरत राहिली.

ती बाहेर धावली. डोंगराच्या मागून पांढरी धूळ सरळ वर चढत होती. वारा नव्हता, त्यामुळं ती पसरली नाही. नुसती उभी राहिली.

"चौकी," ती सेटमध्ये म्हणाली. "चौकी. बोल."

काही नाही.

ती म्हणत राहिली. भोंगा आणि आणखी तिघं वर निघाल्याचं तिनं ऐकलं. पाना अजून हातात होता. नळकांड्याला तिनं हात लावला नाही. दीड तास ती दारात बसून तेच दोन शब्द म्हणत राहिली.

मग भोंग्याचा आवाज आला. धारेपलीकडून, त्याच्या हातातल्या सेटवरून, जिथून तो येणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "वहिनी, आहे. धड आहे. कोपर खरचटलंय फक्त. सेट आतच राहिला त्याचा. चौकी नाहीये, वहिनी. चौकीच्या जागी दगडच आहेत सगळे."

तिला रडायला अर्धा तास लागला. मग तिनं तोंड पुसलं, नळकांडं सोडवलं, केबलची टेप काढली आणि टोक नीट आवळलं. ज्यानं एवढं केलं त्याला आणखी राबवायचं तिच्या जिवावर आलं. नळकांडं तिनं ओढणीत गुंडाळून छातीशी धरून खाली आणलं. वाटेतच ते गार पडलं.

संध्याकाळच्या हजेरीला प्रत्येक बोलण्यामागं फस्स होत होतं. तीन नंबर आणि नऊ नंबर तुटक येत होते, तिच्या कागदावर होते तसेच.

नवरा अंघोळ करून स्वयंपाकघरात बसला होता. लेक त्याच्या मांडीवर, त्याच्या सदऱ्याचं बटण तोंडात घालून. खालच्या हिरडीत पहिला दात नुकता टोचायला लागला होता. सासूबाई झोपायची तयारी करायला आत गेल्या तेव्हा तो म्हणाला, की एक विचारायचं होतं. ती मुलगी कोण?

ती म्हणाली, कोणती मुलगी?

रोज हजेरी झाली की सेटवर येते ती, तो म्हणाला. असेल सात-आठ वर्षांची. शाळेतलं काहीबाही सांगते. पुढचा दात पडला म्हणाली. मला बाबा म्हणते, म्हणून आधी वाटलं शेजारचं पोर गंमत करतंय. पण तिला आपल्या घरातलं सगळं माहीत आहे. तू अजून डोंगर चढून अँटेना लावतेस, असं म्हणाली. तुला सांगावं की नाही, कळेना.

तिनं ओट्याला हात टेकला. "आज काय म्हणाली?"

त्यानं लेकीकडे बघितलं. लेक बटण सोडून, मान वर करून त्याच्याचकडे बघत होती, मुळीच न हलता.

"म्हणाली, 'बाबा, दर वेळी तू नुसतं येतो म्हणतोस. या वेळी तरी ये.'"