राणीची बारा वर्षं

"मी त्यांना नाही म्हणून सांगितलं, आई."

धुतलेल्या चादरीची दोन टोकं सुनेच्या हातात होती आणि दोन सासूच्या. अंगणात ऊन चढलेलं, दोरीवर हॉस्पिटलच्या चाळीस चादरी कडक वाळलेल्या, आणि घडी घालायला दोघी समोरासमोर उभ्या राहिलेल्या. कोणाला नाही सांगितलंस, का सांगितलंस, असं सासूनं काहीच विचारलं नाही. तिला सगळं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, ते शब्द ऐकताच तिच्या काळजात जे दाटून आलं तो आनंद होता... निव्वळ, निर्लज्ज आनंद! सून जाणार नाही, घर रिकामं होणार नाही, आणि जोवर ही पोर या घरात आपल्या मुलाची बायको म्हणून वावरते आहे तोवर तो मुलगाही कुठेतरी आहे, या जगाच्या पाठीवर कुठेतरी श्वास घेतो आहे!

दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक मिळालं, आणि इतक्या जवळून सासूला सुनेच्या कानशिलावरचे केस दिसले. चार केस पांढरे झाले होते. वय काय पोरीचं? अठ्ठावीस!

गल्लीतले लोक दोघींना थोरली आणि धाकटी म्हणायचे, जणू सख्ख्या बहिणीच. हॉस्पिटलच्या आणि दोन लॉजच्या चादरी, अभ्रे, पडदे त्यांच्याकडे धुवायला येत. थोरलीचा मुलगा मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत कामाला होता. सहा वर्षांपूर्वी ती बोट वादळात बुडाली. अकरा माणसं वाचली, नऊ जणांची प्रेतं मिळाली, आणि तिघांच्या नावापुढे बंदराच्या कचेरीनं लिहिलं, 'बेपत्ता'. त्या तिघांत तो होता. मेला म्हटलं असतं तर दोघी ऊर बडवून रडल्या असत्या, वाचला म्हटलं असतं तर धावत सुटल्या असत्या. बेपत्ता म्हटल्यावर माणसानं काय करायचं?

तेव्हा धाकटीच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, अन्नाचा कण नाही, डोळ्यांत टिपूस नाही. तिसऱ्या दिवशी थोरली ताट घेऊन तिच्या उशाशी बसली आणि तिनं आपल्या आईकडून ऐकलेली एक जुनी गोष्ट सांगायला घेतली. थोरलीपाशी अशा गोष्टींचा मोठा साठा होता. राज्य गेलेले राजे, वनात हरवलेली लेकरं, दासी झालेल्या राण्या... गल्लीत कोणावर काही कोसळलं की बाया म्हणायच्या, "जा गं थोरलीकडे, तुझ्यापेक्षा मोठं दुःख काढून दाखवेल!" आणि खरंच, रडत आलेली बाई डोळे पुसत परत जायची. आपलं दुःख काही त्यामुळे लहान होत नाही, पण शेजारी कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं, हे थोरलीला अनुभवानं कळलं होतं.

त्या दिवशी तिनं सांगितली ती समुद्रापार गेलेल्या राजाची गोष्ट. राजा परत येत नाही, शत्रू राज्य घेतो, राणी परक्या गावात लोकांची भांडी घासून पोट भरते, आणि रोज संध्याकाळी दारात दिवा लावून वाट बघते. एक वर्ष, दोन वर्षं, बारा वर्षं... आणि बाराव्या वर्षी एका संध्याकाळी दारावर थाप पडते. एक दाढी वाढलेला भिकारी पाणी मागतो. राणी पाणी द्यायला वाकते, आणि त्याचे पाय ओळखते!

धाकटी उठून बसली होती. "खरंच आला?" तिनं विचारलं होतं. "आला ना!" थोरली म्हणाली होती, आणि पोरीनं पहिला घास घेतला होता.

आता हे सगळं पुन्हा वर आलं ते रफूवाल्यामुळे. हॉस्पिटलच्या फाटक्या चादरी सांधायला तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि ओसरीवर बसून काम करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, चाळिशीचा, एक पाय जरा ओढत चालणारा, हसरा माणूस. दुसऱ्या शहरात त्याच्या भावाचं दुकान होतं. या शनिवारच्या गाडीनं तो कायमचा तिकडे निघाला होता, म्हणूनच त्यानं चार दिवसांपूर्वी थोरलीला गाठलं होतं.

"मावशी, मी उघड बोलणारा माणूस. तुमची सून माझ्या मनात भरलीय. शिव्या द्यायच्या तर आत्ताच द्या, मी सुई बाजूला ठेवतो, उगाच टोचायची."

"मला काय विचारतोस? तिला विचार," थोरली म्हणाली होती.

किती मोठेपणानं म्हणाली होती! आणि मनात पक्कं जाणून होती, की पोर नाहीच म्हणणार.

"का नाही म्हणालीस?" शेवटी थोरलीनं विचारलंच. चादर घडीवर ठेवून ती पुढे म्हणाली, "माणूस वाईट नाही."

"वाईट कोण म्हणतंय? चांगलाच आहे." धाकटीनं दोरीवरची पुढची चादर ओढली. "पण राणीनं बारा वर्षं काढली, आई. माझी तर सहाच झालीत. अर्ध्यावर उठू?"

हॉस्पिटलचं गाठोडं सोमवारी द्यायचंय, असं सांगावं तितक्या साधेपणानं ती हे बोलली. त्या साधेपणानं थोरलीच्या उरात कट्यार घुसल्यासारखं झालं! पोरगी नवऱ्याची वाट बघत नव्हती... ती गोष्ट संपायची वाट बघत होती!

थोरली ओसरीवर आली. रफूवाला आपली दोऱ्यांची रिळं डब्यात भरत होता.

"झालं का ऐकून?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "रागावू नका मावशी, मी तिच्याशी वाद घातला नाही. मेलेल्या माणसाशी एक वेळ भांडता येतं. वाट बघण्याशी कसं भांडणार? तिनं मला ती राजाची गोष्ट सांगितली. त्या राजाला माझा नमस्कार सांगा. फार नशीबवान गडी!"

एखादी शिवी दिली असती तर थोरलीला इतकी लागली नसती.

धाकटी आत अभ्र्यांना इस्त्री करत होती. थोरली दारात उभी राहिली. अजूनही गप्प बसता आलं असतं... कोणाला कळणार होतं? ही गोष्ट सांगणारी तिची आई केव्हाच गेली होती, तीन बहिणी गेल्या होत्या, त्या गोष्टीचा खरा शेवट ठाऊक असलेलं माणूस या पृथ्वीवर ती एकटीच उरली होती. गप्प राहिलं की सून राहणार, म्हातारपणी पाण्याचा पेला देणारा हात राहणार, आणि मुलगा... मुलगाही राहणार. पण ते चार पांढरे केस काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"पोरी, ती गोष्ट तशी नाही गं."

"कुठली?"

"राणीची. दारावर थाप पडत नाही." थोरलीनं चौकट घट्ट धरली. "माझा बाप गेला तेव्हा आईनं आम्हा चौघी बहिणींना सांगितली होती. बाराव्या वर्षी राणीच्या लक्षात येतं, की आपल्याला राजाचा चेहराच आठवत नाही. ती खूप रडते. मग दारातला दिवा उचलून आत आणते, आणि त्याच्या उजेडात बसून पोटभर जेवते. एवढीच गोष्ट. मी आईवर चिडले होते, ही कसली मेली गोष्ट म्हणून! आईनं आम्हाला फक्त ताटं वाढली होती."

धाकटीच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली.

"आणि भिकारी?"

"तो मी आणला."

अभ्रा करपल्याचा वास खोलीत पसरला. धाकटीनं इस्त्री उभी केली, फार सावकाश, आणि मग ती वळली. तिचा असा चेहरा थोरलीनं कधी पाहिला नव्हता.

"सहा वर्षं! सहा वर्षं तुम्ही मला..."

"तीन दिवस तू जेवली नव्हतीस गं! मी दिव्यापर्यंत आले आणि माझी जीभ वळेना. तुझ्या तोंडात घास जावा, एवढंच होतं मनात..."

"मग चौथ्या दिवशी खरं सांगायचंत! पाचव्या दिवशी सांगायचंत! मी काय जन्मभर उपाशी राहणार होते?"

"चौथ्या दिवशी हिंमत झाली नाही," थोरली म्हणाली. "आणि पाचव्या दिवसापासून माझाच त्या गोष्टीवर विश्वास बसला."

"कचेरीतून दोनदा कागद आला, त्याचा मृत्यू नोंदवू का विचारायला. आईची आणि बायकोची, दोघींची सही लागणार होती. तुम्ही म्हणालात, जित्या माणसाचं मरण मी लिहून देणार नाही. मीही सही केली नाही! मला वाटलं, आईच्या मनाला कळत असेल... आईच्या मनाला!" तिचा आवाज चिरकला. "आता सांगा. आज तरी खोटं सांगू नका. ते आहेत, की नाहीत?"

थोरलीचं सारं अंतःकरण आक्रोश करत होतं, आहे, आहे, माझा लेक आहे! नऊ महिने या पोटात वाढवलेला जीव गेला असता तर मला कळलं नसतं? पण समोर अठ्ठावीस वर्षांची पोर उभी होती, आणि तिचं उरलेलं सगळं आयुष्य या एका उत्तरावर टांगलेलं होतं. मुलगा आणि ही पोर, दोघांना एकदम जिवंत ठेवणं थोरलीच्या हातात नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तो नाही, पोरी."

त्यानंतर दोन दिवस घरात फक्त पाण्याचा आणि बादल्यांचा आवाज होता. धाकटी वाढलेलं जेवायची, नेमून दिलेलं काम करायची, पण सासूच्या डोळ्यांना डोळा देत नव्हती. चादरीची घडी तिनं खाटेवर टाकून एकटीनंच घातली, ती वाकडी आली तरी. थोरली सगळं सोसत राहिली. आपण दिलेलं दुःख आहे, म्हणजे त्यावर गोष्टीची मात्रा कोणत्या तोंडानं द्यायची?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठेवणीतले कपडे घातले आणि चपला पायात सरकवल्या. "चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"बंदराच्या कचेरीत."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि हातातली बादली खाली ठेवली.

कचेरीतला कारकून तरुण होता. त्यानं फाईल शोधली, धूळ झटकली, छापील कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. नातं विचारलं, पत्ता विचारला, मग मान वर न करताच म्हणाला, "मृत्यूची तारीख?"

"आज," थोरली म्हणाली.

कारकुनानं मान वर केली. "आजी, तसं नसतं. बोट बुडाली ती तारीख सांगायची."

"बोट बुडाली तेव्हा नाही मेला तो, साहेब. त्यानंतर रोज घरात होता. त्याचे कपडे धुतलेत मी दर महिन्याला, दमट वास येऊ नये म्हणून. सहा वर्षं त्याला आम्ही दोघींनी जगवलाय. तुम्ही आजचीच लिहा... आज मी त्याला तुमच्या स्वाधीन करतेय."

तरुण पोर ते! पेन हवेतच राहिलं. तेव्हा धाकटी पुढे आली, आणि तिनं अगदी शांत आवाजात वादळाची तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष. मग ती खाली वाकून थोरलीच्या कानाशी म्हणाली, "तुम्हाला अजून वाटतंय ना, ते येतील? परवा तुम्ही पुन्हा खोटं बोललात माझ्याशी."

थोरलीनं मान खाली घातली. "बायकोच्या वाट बघण्याला कुठेतरी अंत असावा गं. आईचं काय... आईला तसंही दुसरं काय काम असतं?"

धाकटीचा हात तिच्या पाठीवर पडला आणि तिथेच राहिला. सारा राग त्या हातातून गळून गेला होता. कागदावर मुलाचं नाव लिहायचं होतं. थोरली उतारवयात अक्षरं शिकली होती, मुलाची पत्रं स्वतः वाचावीत म्हणून, आणि शिकवलं होतं याच सुनेनं. तिनं पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर जपून काढलं, मूल पाळण्यात ठेवावं तसं. खाली सही केली. मग पेन सुनेच्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर तिसऱ्या पायरीवरच धाकटी खाली बसली. सहा वर्षं कोरडी राहिलेली ती पोर अशी रडली, अशी रडली, की पायऱ्या चढणारी माणसं बाजूने वाट काढून जाऊ लागली. थोरलीही तिच्या शेजारी बसली आणि तिनं त्या पोरीला छातीशी ओढलं. आता दोघींचं पाणी एकत्र वाहत होतं, कोणाचं कोणतं ते कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं धाकटी नाक पुसत म्हणाली, "पाण्याला घाबरायचे हो ते. तुम्हाला माहीत होतं? मला म्हणाले होते, आईला सांगू नकोस, ती जाऊ देणार नाही."

"मला काय सांगतेस! लहानपणी डोक्यावर तांब्या उपडा केला की सगळी गल्ली गोळा करायचा!" थोरलीला एकदम हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात हुंदका आला. "जीव गेल्यासारखा ओरडायचा मेला! शेजारीण म्हणायची, बाई, मुलाला धुतेस की मारतेस?"

दोघी हसल्या, आणि पुन्हा रडल्या.

मग धाकटीनं रस्त्याकडे पाहिलं. "आज शुक्रवार," ती म्हणाली. "उद्या त्यांची गाडी आहे. निरोप धाडू का... महिनाभर थांबा म्हणून? तोवर तुमची काहीतरी सोय लावते, कामाला एखादी बाई बघते..."

थोरलीनं पदरानं तिचं तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले. आतून सगळं ओरडत होतं, हो म्हण, महिना तर महिना! पण आता तिला स्वतःची ओळख पटली होती. महिन्याचं वर्ष करायला तिला एक गोष्ट पुरली असती.

"नको," ती म्हणाली. "आपल्या घरातून आता कोणाला थांब म्हणायचं नाही. तू त्याच्याबरोबर जा."