मागच्या दाराने जाणारी बाटली

औषधाची बाटली दवाखान्यातून घरी येते, हा जगाचा रिवाज. सेहेचाळीस सालच्या कार्तिकात कर्जतच्या वासुदेवमास्तरांच्या घरून मात्र दर सोमवारी एक बाटली दवाखान्याकडे जायची, आणि तीही मागच्या दाराने! मास्तरांची बायको काकडआरतीला गेलेली असायची आणि मुलगी द्वारका नदीवर. त्या सोमवारी द्वारका साबण विसरली म्हणून परत फिरली, आणि दारातच एका तरुणावर आदळली. त्याने हातातली बाटली झटकन कोटाखाली दडवली.

"कोण तुम्ही?"

"मी... शरच्चंद्र. डॉक्टरांचा कंपाउंडर."

"कोटाखाली काय आहे?"

"औषध."

"औषध आणतात की नेतात हो?"

तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि तरातरा चालू लागला. डोळे मात्र छान होते मेल्याचे — द्वारकेला त्याचाच जास्त राग आला.

भांडी घासणारी बायजा म्हणाली, "ताई, तुमी नदीवर गेल्याव मंगच येतो त्यो. कायतरी काळंबेरं हाय, सांगून ठेवते."

द्वारकेला एवढं पुरे होतं. दुधात पाणी आणि माणसात खोट ती आधी शोधायची. तिचे वडील, अण्णा, मुंबईला जाऊन हाडांचे फोटो काढून आले, तेव्हापासून पाठ धरून बसत आणि "वात आहे गं" म्हणत. तेही तिला पटलेलं नव्हतं. पुढच्या सोमवारी ती शरच्चंद्राच्या मागोमाग थेट दवाखान्यात शिरली.

"दाखवा ती बाटली."

"अहो, लघवी आहे ती..."

"माझ्या वडिलांची आहे. दाखवा."

त्याने काचेच्या नळीत थोडी ओतून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ऊन होताच नळीत दुधासारखं गढूळ झालं. उकळी फुटली तसं सगळं निवळलं.

"गेलं की!" द्वारका हरखून म्हणाली.

"नाही..." त्याचा आवाज खाली गेला. "साधा दोष असला तर गढूळ ते गढूळच राहतं. उकळीला निवळलं, हीच वाईट खूण. अण्णांच्या हाडांच्या मगजात रोग आहे. मुंबईचे डॉक्टर दीड वर्ष म्हणाले, फार तर दोन. कुणाला सांगू नको, अशी शपथ घातली होती त्यांनी मला."

द्वारका बाकावर बसली आणि पोटभर रडली. त्याने पाण्याचा पेला शेजारी ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. रडं ओसरलं तशी तिच्या मनात पाल चुकचुकली: अण्णा हल्ली उठता-बसता तिच्या लग्नाचा विषय काढत, आणि गुपित मात्र या एकट्यालाच सांगितलेलं.

"माझ्याशी लग्न करायला सांगितलंय ना अण्णांनी तुम्हाला? डोळे मिटायच्या आत मुलगी उजवावी म्हणून?"

"सांगितलं."

"आणि?"

"मी नाही म्हटलं."

"का? एवढी वाईट आहे मी?" हे तिच्या तोंडून निसटलंच.

"तुम्हाला काहीच ठाऊक नसताना हो म्हणणं... फसवणूक झाली असती ती."

बोलणं गोड होतं, म्हणूनच तिला पटेना. दयेची सोयरीक तिला नको होती. घरी येऊन तिने अण्णांना सरळ विचारलं, "दवाखान्यात सगळं कळलं मला. त्या कंपाउंडरला माझी दया आली आहे ना?"

"दया?" अण्णा पाठ सावरत हसले. "अगं, चैत्रातच मागणी घातली होती त्याने! तुला दूधवाल्याशी भांडताना पाहिलं होतं म्हणे. तेव्हा मी ठणठणीत होतो. कंपाउंडरला मुलगी देतो काय, म्हणून मीच हाकलला."

द्वारका तशीच उलट्या पावली दवाखान्यात गेली.

"चैत्रातलं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात?"

"मुळीच नाही!" रडवेल्या डोळ्यांनी ती हसली. "आता ठेवते. मला तुम्ही आवडता."

तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "मी थांबेन. हे दिवस अण्णांचे आहेत. दोन वर्षं, तीन वर्षं... कितीही."

"थांबायचं नाही," द्वारका म्हणाली. "मुहूर्त पुढच्याच महिन्यातला काढा. अण्णांना अजून मांडी घालता येते. कन्यादानाला आईशेजारी पाटावर बसायला हवेत ते."