हाताला अंगुळ

कोलशेतच्या खाडीकाठी नाथाचा मांडव होता. नाथा जातीचा कोळी, पण जाळ्यापेक्षा लाकूड तासायच्या वाकसावर त्याचा जीव. उभा जन्म त्याने होड्या नि मचवे बांधण्यात घालवला. साठी उलटली तरी नजर पक्की होती आणि भरवसा एकाच गोष्टीवर होता, मापावर. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की तो शांतपणे विचारी, भूत किती हात लांब होतं?

पावसाळा सरताच नौपाड्याचे प्रभाकरपंत त्याच्याकडे आले. कचेरीतून पेन्शनीत निघालेले कारकून, जुन्या कागदपत्रांचा नाद असलेले. थंडीत ठाण्याला प्रदर्शन भरायचे होते आणि पंतांना त्यात मराठी आरमारातले लढाऊ गलबत मांडायचे होते. नाथाचा आजा तसल्या गलबतांवर सुतार होता हे त्यांच्या कानावर आले होते. नाथाने आढ्यातून एक काळी पडलेली काठी काढली. साठ हात लांबीच्या गलबताची सगळी मापे आज्याने तिच्यावर खाचांनी कोरून ठेवली होती. हाताला अंगुळ धरायचे ठरले. खऱ्या गलबतात जे एक हात, ते नकलेत एका बोटाच्या रुंदीचे.

"शोभेचं नको, नाथा," पंत जाताना म्हणाले. "एकही गोष्ट राहता कामा नये."

हे नाथाला सांगायची गरज नव्हती. त्याने जुन्या मचव्याचे सागवान चिरले, दाभणाएवढ्या बरगड्या वाफेवर वाकवल्या, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरली. तोफा पितळेच्या ओतून घेतल्या, शिडाला धोतराचे जुने सूत वापरले. तीन महिने तो दुसऱ्या कामाकडे फिरकला नाही. आज्याने मोठे केले ते आपण लहान करतो आहोत, याचा त्याला फार अभिमान वाटे, आणि तो अभिमान त्याला लपवताही येत नसे.

त्याचा एकुलता एक मुलगा मारुती मिठाच्या मचव्यावर सुकाणू धरणारा तांडेल होता. घरी आला की मांडवात येऊन बापाची थट्टा करी. डावखुरा, हसतमुख पोरगा. दुष्काळाच्या साली घरात एका ताटापुरताच भात शिजे, तेव्हापासून ताटातला अर्धा भात डाव्या कडेला सारून आईसाठी ठेवायची त्याला सवय लागली होती. दिवस पालटले, सवय गेली नाही. आई, शेवंती, रोज रागे भरे आणि रोज तो अर्धा भात खाई.

नाथाच्या घराण्यात एक रीत होती. सुकाणूपाशी एक भोक ठेवायचे. गलबत पुरे झाले की तांडेल सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवी, बांधणारा त्याचे नाव घेई आणि शेवटची खुंटी ठोकी. तांडेल दुसऱ्या गलबतावर जाणार असेल, तर पहिल्यावरची त्याची खुंटी आधी काढत; एक जीव दोन गलबतांना बांधायचा नसे.

नकलेला याची काही गरज नव्हती. पण हाताने सवयीने भोक पाडून ठेवले होते, आणि भोक उघडे टाकून काम हातावेगळे करणे नाथाच्या स्वभावात नव्हते. मारुती समोरच उभा होता. नाथाने त्याला दांड्यावर करंगळी टेकवायला सांगितली, नाव घेतले आणि बाभळीची बारीक खुंटी ठोकली. मारुती हसत होता.

शेवंती दारात होती. ती हसली नाही. "मचव्यावरची खुंटी काढलीव का आधी?"

"खेळना हाय गो तो," नाथा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मारुती मीठ भरून सुरतेकडे गेला.

चौथ्या सकाळी नाथाने फडक्याने गलबत पुसायला घेतले, तेव्हा आत तळाला पाणी दिसले. नखभर. गलबताला अजून पाणी लागलेलेच नव्हते आणि मांडवाचे छप्पर कोरडे होते. त्याने बोट बुडवून जिभेला लावले. खारे होते. खाडीचा दमट वारा, असे म्हणून त्याने पुसून टाकले.

पाचव्या सकाळी तेवढेच पाणी होते. त्याने काडीने मोजले. सहाव्या सकाळीही तेवढेच.

सातव्या सकाळी शिडाची दोरी सुटून पुन्हा बांधलेली होती. गाठ उलट्या हाताची होती. नाथाला अशी गाठ येत नसे. घरात ती एकालाच येई.

सुकाणूही वळलेले होते, दोन अंगुळे डावीकडे.

आता नाथाला मापाचा आधार उरला नाही. त्याने चिमटा घेऊन खुंटी ओढली. पाण्याने ती फुगून घट्ट बसली होती. फळी फोडल्याशिवाय ती निघणार नव्हती. त्याने पटाशी टेकवली, हातोडी उचलली.

तेवढ्यात बाहेर पंतांचा छकडा थांबला. पंत आत आले, गलबत पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. असे काम त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, असे ते म्हणाले. नाथाने हातोडी खाली ठेवली आणि गलबत छकड्यात चढवू दिले. तो क्षण त्याला पुढे कधीही विसरता आला नाही.

पंधरा दिवसांनी मचवा परत आला. मारुती नव्हता. त्याच्याबरोबरचा दामाजी सांगत होता आणि सांगताना नाथाकडे बघत नव्हता. भर दुपार, समुद्र थाळीसारखा. मारुती सुकाणूपाशी जेवायला बसला होता. दामाजीने पाण्याचा तांब्या आणायला पाठ फिरवली. वळला तेव्हा ताट होते, ताटात भात होता, माणूस नव्हता. पाण्यात पडल्याचा आवाजही नाही. दोन दिवस शोधले.

"कोनचा दिस व्हता?" नाथाने विचारले.

ज्या दिवशी पंतांचा छकडा आला होता तोच.

शेवंती रडली नाही. तिने चूल पेटवली, भात केला आणि डबीत थोडा भरून घेतला. दोघे होडीतून ठाण्याला आले, तिथून चालत नौपाड्याला. गलबत पंतांच्या ओटीवर काचेच्या पेटीत होते. सुकाणूचा दांडा एका जागी काळपट गुळगुळीत झाला होता, वर्षानुवर्षे हात फिरल्यावर होतो तसा. मोहरीएवढी जागा.

पंतांनी पेटी उघडली. शेवंतीने भाताचे एकच शीत सुकाणूपाशी ठेवले. "जास्ती नको," ती म्हणाली. "त्याच्या मापानं एवढाच लागंल."

पंतांनी पेटीला कुलूप लावले आणि किल्ली नाथाच्या हातात दिली. तिघे ओटीवर बसून राहिले. उन्हे कलली तेव्हा नाथा उठला. किल्ली त्याने शेवंतीकडे दिली आणि कुलूप तिनेच काढले.

शीत अर्धे उरले होते. उरलेले अर्धे डाव्या कडेला सारून ठेवलेले होते.

शेवंतीने ते बोटाने अलगद टिपले आणि खाल्ले.