आनंदाचा मार्च आणि दातांचे डॉक्टर

या, अशा जवळ सरका. दोन जिवांची गाठ देव कुठे मारील याचा नेम नाही. एकदा त्याने ती ऑर्गनच्या पोटात मारली, त्याची गंमत सांगते.

आमच्या प्रार्थनाघरात भिंतभर ऑर्गन, त्याच्या नळ्या शेकड्यांनी. वाजवणारी पोरगी गुणाची. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तिने स्वतः एक आनंदाचा मार्च, म्हणजे नवरी चालत येताना वाजवायची धून, रचला होता. पण नळ्यांचे सूर उतरलेले, म्हणून सूर लावणारा बोलावला. त्याने आल्या आल्या अवजारांची पेटी ठेवली ती तिच्याच पायावर.

"आई गंऽऽ!"

"काळी चार," तो थक्क होऊन म्हणाला. "अगदी सुरात ओरडलात हो!"

मग काम सुरू झालं. तो आत, नळ्यांच्या रानात. ही बाहेर, पट्टीवर बोट दाबून. एक सूर लागला की आतून हाक यायची, "पुढचा!" आणि तोंडं दिसत नसली की माणसं मोकळं बोलतात...

"आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलंय," ती म्हणाली. "दातांचे डॉक्टर."

"पुढचा!"

"पुढचा कुठून आणू? रविवारी, लग्नातच होकार द्यायचाय."

आत काहीतरी धपकन पडलं.

"मी सुराबद्दल म्हणालो... पण — स्थळाबद्दलही तेच म्हणेन."

"मग पुढचा कोण?"

आतून खोकला आला. "तोंडभर धूळ आहे हो माझ्या. नाहीतर समोर येऊन सांगितलं असतं."

तिचं बोट पट्टीवरच राहिलं. नळी बापडी कोकलत होती.

"समोर येऊनच सांगा," ती हळूच म्हणाली. "पण आत्याच्या."

आत्या म्हणजे साधं प्रकरण नव्हे. धर्मगुरूसुद्धा तिला विचारून शिंकायचे. पुढचे दोन दिवस आत्या दिसली की हा नळ्यांत गडप. हिचा जीव टांगणीला.

रविवार उजाडला. पहिल्या बाकावर आत्या, शेजारी डॉक्टर. मार्च सुरू झाला, नवरी निम्म्या वाटेवर आली... आणि एक नळी अडकली. भोंऽऽऽ! थांबेचना. हा नव्या कपड्यांनिशी आत घुसला. भोंकार थांबला, मार्च थाटात पूर्ण झाला, आणि स्वारी बाहेर आली — केसांत कोळ्याची जाळी, छातीशी कवटाळलेली नळी — थेट आत्यासमोर.

"हे काय?" आत्या कडाडली.

"उपटली."

"वा! मुळासकट!" डॉक्टर उभेच राहिले.

"आणि तुम्ही कोण?" आत्याने त्याला दरडावलं.

त्याने नळी काखेत मारली. "स्थळ," तो म्हणाला. "तुमच्या भाचीसाठी. घर लहान आहे, कमाई बेताची... कपडे एरवी स्वच्छ असतात."

ऑर्गनपाशी लालेलाल झालेली भाची उठली. "आत्या, होकार आजच द्यायचा होता ना? दिला."

आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. डॉक्टरांना तिच्या सगळ्या दाढा मोजून झाल्या असतील. पण टाळी पहिली वाजवली ती त्यांनीच. मनापासून, हसत हसत.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या घरी, शेजारी कुणी गोड स्वभावाची मुलगी असेल, तर आमच्या डॉक्टरांची आठवण ठेवा. माणूस सोन्याचा आहे, आणि मार्च तर तयारच आहे.