डबा सरला की

शकुनचा हिशेब साधा होता. डबा सरला तर भगवंत मिस्तरी अमरावतीहून मोर्शीला यायचा. नाही सरला तर नाही. एका डब्यामागे तिच्या पदरात पडायचं ते एवढंच – पडवीत बसलेला तो, अर्धी दुपार, आणि चहा घेताना कपावरून वर आलेली एक नजर.

डबा मोटारीच्या ब्रेकच्या तेलाचा. बदली होऊन नागपूरला गेलेल्या एका साहेबाची मोटार तिच्या वडिलांनी, संत्र्यांचे बागाईतदार खुशालरावांनी, जुन्यात घेतली होती. माघात ती अमरावतीच्या गॅरेजात दाखवायला नेली, तेव्हा उतरताना शकुनचा पदर दारात अडकला. मिस्तरीनं काळ्याकुट्ट हातांनी तो सोडवला... आणि एक डाग लागू दिला नाही.

"इतकं जपून राहिले, कोणासाठी जी?" तिनं विचारलं.

"पदरासाठी. पदरवालीची अजून वळख कुठी झाली?"

त्यानंच खुशालरावांना बजावलं होतं – तेल कंपनीच्या सीलबंद डब्यातलंच घाला. बाजारातलं कितीही स्वस्त मिळो, त्यानं ब्रेकमधली रबरं फुगून चिकटली की चाक सुटायचं नाही. खुशालराव कुरकुरले, पण ऐकलं. नवा डबा मिस्तरी स्वतः आणून द्यायचा.

फाल्गुन सरत आला तरी डबा अर्धा होता! शकुननं उरलेलं तेल विहिरीवर मोटेच्या चाकाला घातलं. चाक कुरकुरायचं थांबलं, आणि नेमका ओट्यावर वडिलांचा जोडा वाजला. काल अर्धा असलेला डबा आज एकदम रिकामा पाहिला, तर ते विचारणार नाहीत? चुलीशी भज्यांचं उरलेलं जवसाचं तेल होतं. तेल ते तेल, असं म्हणून तिनं तेच डब्यात ओतलं. त्याच संध्याकाळी खुशालरावांनी ते विश्वासानं मोटारीत घातलं.

चार दिवसांनी बापलेक अकोल्याला आत्याकडे निघाले. बडनेऱ्याच्या अलीकडे चाकं जाम झाली, धूर निघाला. चाकं निवून जरा सैल झाली, तेव्हा मोटारीला बैल जुंपून ती अमरावतीच्या गॅरेजात आणावी लागली. बघ्यांची वरातच मागे.

ब्रेक उघडला तर आत तेल निराळंच; खुशालराव भडकले. डबा कंपनीचा आणि आत माल भलताच, मिस्तरीनं दगा दिला, असं त्यांनी गॅरेजचे मालक ओमप्रकाश शेठना चारचौघांत सुनावलं. भगवंतनं तेलात बोट बुडवून वास घेतला. जवस... आणि लसूण. याच तेलातली भजी त्यानं त्या पडवीत खाल्ली होती. त्यानं एकदाच शकुनकडे पाहिलं.

"चूक माही हाय, मालक."

शेठनी त्याला हत्यारं ठेवून घरी जायला सांगितलं. तो एकेक पाना पुसून ठेवू लागला. शकुनला वाटलं, त्यानं रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पदराला डाग लागू न देणाऱ्यानं आज तिचा डाग स्वतःला लावून घेतला होता, आणि ती गाडीत पाय पोटाशी घेऊन बसली होती.

ती उतरली.

"बाबा, ते भज्याचं तेल हाय. मीच टाकलं."

"अन् आतलं?"

"मोटेच्या चाकाले घातलं."

"काहून?"

तिची मान इतकी खाली गेली की कुंकू दिसेना.

"डबा सरला की... हे येतात."

कुणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. खुशालराव मोटारीच्या दिव्याकडे बघत राहिले. भगवंतचे कान संत्र्यासारखे झाले.

"बोलावलं असतं, तरी आलो असतो," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणून बोलावू?"

"ते आता तुमच्या बाबाले इचारा लागन."

वैशाखात त्यांचं लग्न लागलं. नव्या रबरांचे पैसे खुशालरावांनी दिले. खोटं बोलल्याबद्दल शेठनी भगवंतची एका दिवसाची मजुरी कापली. लाज मात्र सगळी शकुनच्या वाट्याला आली, आणि तो दंड एकदम भरून संपला नाही. अजून घरात भजी झाली की खुशालराव जावयासमोर विचारतात, उरलेलं तेल कुठं ठेवलं... आणि ती पदराआड तोंड लपवून तो दंड पुन्हा थोडा भरते.